डावीकडून थोडं ढिलं

आमच्या घराला पुढून दार नव्हतं, दुकान होतं. सुप्याला हमरस्त्यावरून कारखान्यांकडे जो फाटा वळतो, त्याच्याजवळच दोन खणांची जागा होती. पुढच्या खणात दादांची शिलाई मशीन आणि कापड बेतायचं टेबल, मागच्या खणात आम्ही तिघं. घरात शिरायचं तर गिऱ्हाइकांच्या चपला ओलांडून, टांगलेल्या पँटी डोक्यानं बाजूला सारत यावं लागे. दादा म्हणजे माझे वडील. बारीक अंगाचे, कानावर खडू अडकवलेला, गळ्यात टेप. आंघोळ सोडली तर टेप गळ्यातून निघत नसे. आई त्यांच्या पायाशी पोत्यावर बसून काज-बटण करायची. दिवसभर मशीनची खडखड, रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज, कारखान्याचा भोंगा आणि या सगळ्याच्या वर चढून त्या दोघांचं बोलणं. काय बोलत, असं विचाराल तर काहीच नाही. कोणाच्या सुनेचा डबा कसा रोज उशिरा येतो, कोणत्या फोरमनचं पोट यंदा किती सुटलं, कालच्या आमटीत मीठ कसं पडलं. दादा पाय थांबवून हसत, आई तोंडात दोरा धरून हसे. मी मागच्या खोलीत अभ्यास करायचो तो त्या आवाजाच्या टेकूवर. आज माझ्या घरात शांतता असली की मला वाचता येत नाही, रेडिओ लावावा लागतो, आणि बायको म्हणते, तुम्ही मुलखावेगळेच.

कारखाने तेव्हा नुकतेच येऊ लागले होते आणि कामगारांचे गणवेश दादा शिवत. उरलेल्या तुकड्यांतून माझे शर्ट होत. त्यामुळे माझी एक बाही एका कारखान्याची आणि पाठ दुसऱ्याची असे. शाळेत पोरं मला 'दुसरी शिफ्ट' म्हणत. पण कपडा अंगावर असा बसे की मास्तरसुद्धा थांबून बघत. खंडेनवमीला मशीन, कात्री, टेप, इस्त्री सगळं धुऊन पुसून झेंडूच्या फुलांत बसायचं, आई पुरणपोळी आणि कटाची आमटी करायची, आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, काम सुरू व्हायचं ते माझ्या मापानं. गिऱ्हाईक कितीही घाईचं असो, वर्षातलं पहिलं माप घरातल्या पोराचं, हा दादांचा नेम होता. मापाच्या वहीत माझं एक पान होतं. पहिलीपासूनची माझी छाती, खांदा, बाही, गळा त्यात एकाखाली एक लिहिलेलं. मी कसा वाढलो हे पाहायला इतर घरांत फोटो असतात, आमच्याकडे ते पान होतं.

दहावीच्या वर्षी, पितृपंधरवड्यात, आंघोळ करून मान पुसताना डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्या वर, बोटाला काहीतरी लागलं. शेंगदाण्याएवढं. दाबलं तर सरकायचं, दुखत नव्हतं. मी दोनतीन दिवस येता-जाता ते सरकवून बघितलं आणि कोणाला काही बोललो नाही. याला कारण होतं. आमच्या गल्लीतल्या एका मुलाच्या मानेवर अशाच गाठी आल्या होत्या. गंडमाळ म्हणून त्याच्या आजोळच्या लोकांनी त्याला एका बाईकडे नेलं आणि तिनं गाठींवर गरम बिब्ब्याचे ठिपके दिले. ते ठिपके पिकले. त्याच्या किंकाळ्या मी ऐकल्या नव्हत्या, पण त्यानं त्या मला वर्णन करून सांगितल्या होत्या, आणि ते जास्त वाईट होतं. शिवाय वर्ष दहावीचं, वर्गात माझा पहिला नंबर. मास्तर, आई, शेजारचा चहावाला, सगळे माझ्या मार्कांकडे डोळे लावून बसलेले. मी ठरवलं, परीक्षेपर्यंत ही गाठ माझ्यापाशीच राहील. सोळा वर्षांच्या मुलाला आपण केवढे शहाणे आहोत असं वाटत असतं.

दसऱ्याला दादांनी गळ्याभोवती टेप फिरवला तेव्हा मी हनुवटी खाली घेतली आणि म्हणालो, डावीकडून थोडं ढिलं ठेवा, तिथे काचतं. त्यांनी काही विचारलं नाही. साडेतेरा म्हणाले आणि लिहिलं. मागच्या वर्षीपेक्षा अर्धा इंच जास्त होतं आणि त्यांना बरं वाटलं. आईला म्हणाले, पोरगं भरतंय आता. मी मुळात काडी पहिलवान, त्यामुळे आईलाही ते गोड लागलं आणि तिनं माझ्या ताटात तुपाची धार जरा लांबवली. पुढे थंडीत मफलर होताच. संध्याकाळी बारीक ताप यायचा, पहाटे उशी ओली असायची, पोटऱ्यांना अशी खाज सुटायची की मी फुटपट्टीनं खाजवायचो. आईला वाटायचं, जागरणं आणि अभ्यास. ती मला हुलग्याचं माडगं करून पाजायची आणि मी शहाण्या मुलासारखा पीत होतो.

संक्रांतीनंतर शाळेत निरोप समारंभ होता. त्यासाठी दादांनी पहिल्यांदाच माझ्यासाठी ताग्यातलं नवं कापड काढलं, फिकट निळं. माप घ्यायला मला टेबलापाशी उभं केलं. आई पाणी भरायला गेली होती. टेप फिरला आणि थांबला. साडेचौदा. दादांनी टेप सोडला आणि बोटांनी चाचपलं. कापडातला दोष अंधारात बोटानं ओळखणारा माणूस तो. लिंबाएवढी गाठ आणि तिच्या खाली आणखी दोन, त्यांना कळायला किती वेळ लागणार? त्यांनी विचारलं, दुखतं का. नाही म्हणालो. कधीपासून आहे, तर म्हणालो, आत्ताच, आठ दिवस झाले. ते म्हणाले, "तुझ्या आईला येऊ दे. उद्याच डाक्टरकडं जाऊ."

मी त्यांचं मनगट धरलं. ते मनगट अजून माझ्या हाताला आठवतं, घट्टे पडलेलं आणि गरम. मी म्हणालो, "दादा, परीक्षा होऊ द्या. आईला कळलं तर ती बिब्बा घालाय न्हेईल. पेपर झाले की मी सोताच सांगतो." ते मान हलवायला लागले, तेव्हा मी त्यांचा हात ओढून माझ्या गळ्याला लावला, नेमका त्या गाठीला. "माझ्या गळ्याची शपथ घ्या. आईला सांगनार न्हाई म्हना."

आमच्याकडे गळ्याची शपथ ही काय चीज आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याला वेगळं सांगायला नको. पोरं गोट्या खेळताना घेतात, आणि मोठी माणसं हसण्यावारी नेल्यासारखी करतात पण मोडत नाहीत. शपथ मोडली तर ज्याच्या गळ्याची घेतली त्याचं बरंवाईट होतं. दादांनी टेप गळ्यात अडकवला. मग म्हणाले, "बरं. न्हाई सांगत. पर शेवटचा पेपर झाला की त्याच दिवशी जायचं." आणि त्यांनी मला जो शर्ट शिवून दिला, तो त्यांच्या हातचा सगळ्यात अवघड शर्ट असावा. कॉलरची डावी बाजू उजवीपेक्षा जरा उंच, आत ताठपणासाठी बकरमचा दुहेरी थर, गळा डावीकडून मोकळा, आणि हे सगळं असं की बघणाऱ्याला दोन्ही बाजू सारख्या वाटाव्यात. समारंभात सगळे म्हणाले, शर्ट असावा तर असा. त्या दिवशीचा वर्गाचा फोटो माझ्याकडे आहे. भिंग लावून पाहिलं तरी काही दिसत नाही.

शेवटचा पेपर भूगोलाचा होता. घरी आलो आणि शर्ट काढताना कॉटवर आडवा झालो तो उठलोच नाही, ताप इतका होता. आईनं अंग पुसायला घेतलं आणि मान बघून तिच्या हातातलं फडकं पडलं. दादा दारात उभे होते. ती त्यांना म्हणाली, अहो हे बघा तरी. ते आत आले आणि बघितल्यासारखं केलं. तिला वाटलं, पेपरांच्या दगदगीत पंधरा दिवसांत हे वाढलं. सुप्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन नगरला पाठवलं, नगरला गाठीचा तुकडा काढला, आणि मग आम्ही तिघं एसटीनं पुण्याला गेलो. नगरचं नाव आता बदललं आहे, पण ती चिठ्ठी मला अजून नगरचीच आठवते. आईनं वाटेत खायला बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. ती पुरचुंडी कोणी उघडलीच नाही.

पुण्याचे डॉक्टर तरुण होते आणि घाईत नव्हते. रिपोर्ट वाचून त्यांनी सांगितलं, याला लिम्फोमा म्हणतात, हा रसग्रंथींचा कॅन्सर आहे, पण बरा होणाऱ्यांतला आहे. कॅन्सर हा शब्द आईनं फक्त ऐकला, पुढचं तिला ऐकूच गेलं नाही. मग त्यांनी विचारलं, गाठ कधीपासून आहे आणि कशी वाढत गेली. आई म्हणाली, परीक्षा संपल्यावर दिसली साहेब. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी स्टुलावर दोघांच्या मधे बसलो होतो आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

तेव्हा दादांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला. मापाच्या वहीतलं माझं पान त्यांनी फाडून आणलं होतं. चष्मा न लावताच ते म्हणाले, "दसऱ्याला साडेतेरा हुतं साहेब. संक्रांतीला साडेचवदा. फेब्रुवारीत पंदरा. काल सव्वासोळा. संक्रांतीला गाठी तीन हुत्या, मी हातानं बघितल्या." डॉक्टर लिहायचे थांबले. म्हणाले, इतकी नेमकी माहिती मला कोणी दिलेली नाही, आणि ते आकडे त्यांनी एकेक करून केस पेपरवर उतरवले. दोनतीन महिने आधी आला असता तरी औषध हेच दिलं असतं, असंही ते म्हणाले. दयेनं म्हणाले की खरंच, हे मला अजून माहीत नाही.

आई दादांकडे वळली. तिचा आवाज चढला नाही. तिनं विचारलं, "तुमाला संक्रांतीपास्नं म्हाईत हुतं?"

दादा म्हणाले, "व्हय."

एवढंच. मला वाटलं आता ते म्हणतील, यानंच शपथ घातली. मी वाट बघत राहिलो. ते काही बोलले नाहीत, आणि मीही बोललो नाही. 'मीच घातली', दोन शब्द होते, जिभेच्या टोकावर होते, ते मी गिळले. पुढे औषधानं मला सहा महिने ओकाऱ्या झाल्या, पण ते दोन शब्द काही वर आले नाहीत.

दर पंधरा दिवसांनी पुण्याला जायचं. एक औषध लाल होतं, सरबतासारखं, ते गेलं की लघवी लाल व्हायची आणि तोंडाला जुन्या नाण्याची चव यायची. केस गेले, भुवया गेल्या. त्याचं मला एवढं वाटलं नाही, पण वासांनी जीव नकोसा केला. फोडणीचा वास सोसेना, आणि सगळ्यांत जास्त नव्या कापडाच्या खळीचा आणि मशीनच्या तेलाचा. आता दोन खणांच्या घरात हा वास कुठे टाळणार? दादा दुकानातून आत येण्याआधी मागच्या बाजूनं फिरून नळावर आंघोळ करत, धुतलेलं धोतर नेसत आणि मगच माझ्याजवळ येत. दिवसातून चार-चार वेळा. आई मला चमच्यानं मुगाची पातळ खिचडी भरवायची, दूध-भाकरी कुस्करून द्यायची, ओकलो तर पुसायची आणि पुन्हा भरवायची. रागावली नाही एकदाही. दादांशी मात्र तिनं बोलणं टाकलं. भांडण नाही, आदळआपट नाही. त्यांचं ताट वेळेवर, कपडे धुतलेले, पण सांगायचं ते माझ्यामार्फत. दादांना म्हणावं, जेवायला बसा. दादांना म्हणावं, पुण्याची एसटी सातला आहे. काज-बटणाचं पोतं तिनं उचलून मागच्या दाराशी नेलं. पुढे नुसती मशीन वाजायची. मशीनच्या आवाजात अभ्यास करणारा मी, पण आता माझ्याच्यानं ती ऐकवेना.

औषधाच्या खोलीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर पुणतांब्याचे एक काका असायचे. शेतकरी, माझंच दुखणं, पण वय पन्नाशीचं. येताना पेरू आणत आणि नर्सपासून मला लपवून वास घ्यायला देत, खाऊ नको, नुसता हुंग म्हणत. पेरूचा वास मला सोसायचा. त्यांना मी एकदा सगळं सांगितलं. ते म्हणाले, "घरी गेल्या गेल्या आईला सांगून टाक लेकरा. आसलं साठवून ठिवू नये." मी हो म्हणालो. पुढच्या खेपेला ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. नर्सनं त्या खुर्चीवर दुसऱ्या कोणाला तरी बसवलं आणि मी विचारलं नाही.

त्या दिवशी परतताना पुण्याच्या स्टँडवर आई पाण्याची बाटली भरायला गेली तेव्हा मी दादांना म्हणालो, मी आईला शपथेचं सांगतो. त्यांनी आधी ती दूर गेली का ते बघितलं. मग म्हणाले, "आत्ता न्हाई. तिला कुनावर तरी राग काढाय पायजे. माझ्यावर हाय तवर बरं हाय. तुझ्यावर फिरला तर तुला घास कोन भरवील?" मला त्या वेळी केवढं हलकं वाटलं हे लिहिताना आज लाज वाटते. मी मान हलवली आणि आई आल्यावर तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलो.

औषधं संपली, मग मानेला महिनाभर लाईट दिली, म्हणजे रेडिएशन. मी वाचलो. दहावीला शाळेत पहिला आलो होतो, तो निकाल मला कॉटवर कोणीतरी वाचून दाखवला होता आणि मी कूस बदलली होती. लाईट दिलेल्या जागी दाढी आली नाही, डाव्या मानेवर तळहाताएवढी जागा आजही बाईसारखी गुळगुळीत आहे, आणि दाढी करताना मी रोज तिथे बोटं फिरवून बघतो. पन्नाशी ओलांडली तरी ती सवय सुटत नाही. बाकी माझं सगळं झालं. शिकलो, नगरला शिक्षक म्हणून लागलो, लग्न झालं. झालं नाही ते दादांचं. त्यांनी शर्ट शिवणं सोडलं. गिऱ्हाईक कापड घेऊन आलं की म्हणत, पँट देतो, पिशवी देतो, शर्टाला दुसरीकडं जा. लोक हसत, की हा कसला शिंपी, कमरेच्या खालचा. आई ते मागच्या दारातून ऐकायची आणि सुई ओढत राहायची. गरजेपुरतं ती पुढे त्यांच्याशी बोलायला लागली, पण ते पोतं पुन्हा पुढच्या खोलीत आलं नाही. आणि मी? आत्ता नाही, असं दादा म्हणाले होते. त्या आत्ताची मी पस्तीस वर्षं केली. आधी आजारपण, मग शिक्षण, मग वाटलं, जुनं झालं, कशाला उकरायचं.

मागच्या वर्षी दादा फार थकले. छातीत पाणी होत होतं. दोघांना मी नगरला माझ्याकडे आणलं होतं. एका दुपारी मी त्यांना बशीतून चहा पाजत होतो, आई गॅलरीत होती. मी म्हणालो, दादा, ते शपथेचं आता तरी आईला सांगा ना. ते चहा गिळून म्हणाले, "मी कसा सांगू? तू सुटली म्हनला न्हाईस कदी."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. लहानपणी आम्ही पोरं शपथ सोडवताना म्हणायचो, शपथ सुटली. ज्यानं घातली त्यानं म्हणायचं, म्हणजे दुसरा मोकळा. मी म्हणालो, दादा, ती पोरखेळातली गोष्ट. ते म्हणाले, "आसंल. पर गळ्याची शपथ घातलीस आनि गळ्यालाच झालं. मग माजी छाती झाली न्हाई बाबा." मी बशी खाली ठेवली, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणालो, सुटली. दोनदा म्हणालो. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, आता दम न्हाई, नंतर बघू. आठ दिवसांनी ते गेले. त्या आठ दिवसांत आई त्यांच्या खोलीत औषध द्यायला जायची आणि बाहेर यायची.

तेरावं झाल्यावर पाहुणे पांगले. आई गॅलरीत मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सुरुवातीपासून सांगितलं. पितृपंधरवड्यातली गाठ, डावीकडून ढिलं ठेवायला मीच सांगितलं ते, दादांचा हात ओढून घातलेली शपथ, पुण्याच्या स्टँडवरचं बोलणं, आणि सुटली म्हणायला लावलेली वर्षं. ती निवडत राहिली. काड्या एकीकडे, पानं एकीकडे. सगळं सांगून झालं तरी तिचे हात चालूच होते, आणि मला वाटलं, आता ती मला बोलेल, मारेल तरी. ते मला हवं होतं.

दुसरी जुडी पुढे ओढत तिनं विचारलं, "तू का न्हाई सांगितलंस?" मी म्हणालो, भ्यालो. पहिल्यांदा बिब्ब्याला भ्यालो, मग तुला. तिनं मान डोलावली, म्हणजे हे तिला पटलं. मग तिचे हात थांबले. तिनं मागे वळून आत बघितलं, दादांची कॉट होती त्या बाजूला, आणि म्हणाली, "मग आता मी बोलू कुनाशी?"